सगुणाक्काच्या मणक्याचा रिपोर्ट

बाळांनो, मांडी घालून बसा. एका जंगलात रस्ता नव्हता, शाळा नव्हती, पण एमआरआयची गुहा होती.

तिथे सगुणाक्का नावाची अस्वलीण राहायची. एके सकाळी मोहोळ काढताना तिच्या कमरेत उसण भरली. कासववैद्य म्हणाले, "अक्का, शेक घ्या, हिंडत्या-फिरत्या राहा. पंधरा दिवसांत उतरेल."

इतकं साधं दुखणं? अक्काला अपमानच वाटला. ती तडक गुहेत जाऊन पडली. चाळीस सुतारपक्ष्यांनी अर्धा तास भिंतींवर ठकठक केली आणि घुबडरावांनी तिच्या मणक्यांचा फोटो काढला.

रिपोर्ट यायला तीन आठवडे लागले. तोवर उसण उतरली होती. अक्का मोहाच्या झाडाला उलटी लोंबकळून फुलं खात होती. माकडाने खालून रिपोर्ट वाचला, "चौथ्या-पाचव्या मणक्यांमधली चकती फुगली आहे. झीज आहे. गादीतलं पाणी आटलं आहे."

अक्का हळूहळू खाली उतरली आणि आडवी झाली. कंबर खरोखरच दुखू लागली.

कासववैद्य धावत आले, म्हणजे दुसऱ्या दिवशी पोचले. "अहो, या वयात हे बहुतेकांना असतं. चेहऱ्यावर सुरकुत्या येतात, तशा आतही येतात."

"मग बाकीचे कसे नाचताहेत?"

वैद्यांनी नाचणाऱ्या सगळ्यांचे फोटो काढवले. सांबराच्या दोन चकत्या फुगलेल्या. रानडुकराच्या तीन. वाघाची तर झीजच झीज. वैद्य खुशीत म्हणाले, "बघा, आणि एकालाही दुखत नाही."

संध्याकाळपर्यंत सगळ्यांना दुखू लागलं. वाघ सांबराशेजारीच आडवा झाला.

"मला उडी मारायची नाही," वाघ म्हणाला.

"मलाही पळायचं नाही," सांबर म्हणाला आणि थोडं सरकून त्याला जागा दिली.

वैद्यांनी घुबडरावांचे पाय धरले. घुबडराव भले. त्यांनी प्रत्येक रिपोर्टखाली लिहिलं, 'या वयात असं असतंच. काळजी नसावी.'

ती ओळ वाचून सगुणाक्का ताडकन उठली. "काळजी नसावी? याला काही कळत नाही." दोन डोंगर आणि एक नदी ओलांडून ती शेजारच्या जंगलातल्या घुबडाकडे गेली. मागोमाग वाघ, सांबर, रानडुक्कर, सगळे तुरुतुरु निघाले. तिथे प्रत्येकाला अकरा पानी रिपोर्ट मिळाला. तो काखेत मारून सगळे गाणी म्हणत परतले आणि समाधानाने अंथरुणाला खिळले.

तात्पर्य: कंबरदुखीवर चालण्यासारखं औषध नाही. म्हणून दुसरं मत नेहमी दोन डोंगरांपलीकडचं घ्यावं.