विषय: करमत नसल्याबाबत

सासरी आपलाही काही उपयोग व्हावा, म्हणून मी एवढंच म्हटलं, "तात्या, ईमेलचे विषय मी लिहू का?" (एरवी मी गप्पच असते. तेव्हाही गप्प बसायला हवं होतं.)

तात्या म्हणजे माझे सासरे. खालापूरच्या सरकारी कचेरीतून निवृत्त झाल्यावर त्यांनी कशेळ्याजवळ, घराला लागूनच, पर्यटकांसाठी चार खोल्या बांधल्या. जुन्या पाहुण्यांना ते दर आठवड्याला ईमेल पाठवत. विषय असे: 'चुलीवरील भाकरी उपलब्ध असल्याबाबत.' 'निवांतपणा मिळणेबाबत.' उघडत कुणीच नसे.

"तात्या, विषय वाचून वाटलं पाहिजे की हे आपल्यालाच लिहिलंय."

"मग मसुदा तू कर. रवानगी मी करीन." कचेरीत तसंच चालायचं. लिहिणारा वेगळा, पाठवणारा वेगळा.

मी बसले. एकालाच लिहायचं तर डोळ्यांसमोर एक माणूस आणावा लागतो. माझ्या डोळ्यांसमोर एकच आला आणि तो हैदराबादला होता. लग्नाची रजा संपली तसा सौमित्र नोकरीवर गेला, तो गेलाच. फोनवर बोलावं तर शेजारी सासूबाई शेंगा सोलत बसलेल्या. ("काय म्हणतोय गं?" "बरंय म्हणतात.") व्हॉट्सअ‍ॅपवर लिहावं तर उत्तरादाखल अंगठा येतो. एकांतात मी त्याला अरे म्हणते, पण तात्यांच्या लॅपटॉपवर अरे-तुरे बरं दिसलं नसतं. म्हणून लिहिलं, 'अहो, या ना आता. करमत नाही.'

आणि नुसती बघत बसले. पुसणारच होते, पण टाकी भरून वाहायला लागली म्हणून मोटार बंद करायला धावले.

परत येते तर तात्या चष्मा पुसताहेत. "झकास जमलाय. शेवट तेवढा मी सुधारला."

'अहो, या ना आता, करमत नसल्याबाबत.' तात्यांच्या नावाने, यादीतल्या सगळ्यांना रवानाही झाला होता. यादीत सौमित्रही होता.

संध्याकाळपर्यंत फोन थांबेना. ठाण्याच्या एका आजोबांनी उलट लिहिलं, 'ही गेल्यापासून असं कुणी बोलावलं नव्हतं. येतो.' शनिवारच्या चारही खोल्या भरल्या. शेवटचा फोन सौमित्रचा. "मीही निघतोय." मी कपाटातून दोन साड्या काढल्या, एक परत ठेवली, पुन्हा काढली.

शनिवारी तो आला, तो थेट तात्यांकडे. त्यांच्या कपाळाला हात लावून म्हणाला, "तात्या, इतकं एकटं वाटत होतं तर मला सांगायचंत. गिऱ्हाइकांना काय कळवता?"

"मला? कोण म्हणतं?" तात्या म्हणाले.

मी भजी तळत राहिले.

आमची खोली, न कळवता आलेल्या डोंबिवलीच्या एका काका-काकूंना दिलेली होती. (दारात आलेला पाहुणा परत पाठवायचा नाही, हा तात्यांचा नियम. सुनेला स्वयंपाकघर चालतं.) सौमित्र ओटीवर तात्यांपाशी झोपला, मी सासूबाईंपाशी. आम्हा नवराबायकोचं बोलणं झालं ते एवढंच: "सई, तीन नंबरला चहा."

रविवारी दुपारी त्याला सोडायला कशेळ्याच्या नाक्यावर गेले. कर्जतची जीप भरत होती. तिथे कुठे माझं तोंड उघडलं.

"तो विषय तात्यांचा नव्हता."

"मग?"

"माझा. अहो म्हणजे तू."

तो बॅगेचा पट्टा उगाच ओढत, सैल करत राहिला.

"चला दादा, येकच शीट हाय," जीपवाला म्हणाला.

"तू जा रं," सौमित्र म्हणाला. "मी उद्या जाईन."

घरापर्यंत चालत आलो. तो काहीबाही बोलत होता, मी हं हं करत होते. हा रस्ता इतका लहान आहे, हे मला पहिल्यांदाच कळलं.

अंगणात डोंबिवलीच्या काकू आमच्या खोलीसमोर टॉवेल वाळत घालत होत्या.

"थांबलो गं आम्ही," त्या म्हणाल्या. "सकाळी तू एवढं आग्रहाने म्हणालीस, मग पायच निघेना."

सौमित्रने माझ्याकडे पाहिलं. "काय म्हणालीस?"

नवऱ्याला म्हणायला जे मला लग्न झाल्यापासून जमलं नव्हतं, ते मी सकाळी काकूंना कांदेपोहे वाढता वाढता सहज म्हणून गेले होते. "राहा ना अजून एक दिवस."