केरूशेठने ब्रेक पॅड निवडले

एका जंगलात, मुलांनो, एक घाट होता. घाटाला अकरा वळणं होती आणि प्रत्येक वळणावर 'सावकाश जा' अशी पाटी होती. वरच्या पठारावर रताळी पिकत. खालच्या मैदानात दर बुधवारी बाजार भरे.

पठारावर केरूशेठ नावाचा रानडुक्कर राहत होता. त्याच्याकडे एक पांढरी पिकअप होती. पंधरा पोती वाहण्यासाठी बनवलेली ती गाडी तो बावीस पोती भरून खाली पाठवी. स्वतः मात्र तिच्यात कधी बसत नसे. घाटात त्याला मळमळायचं. गाडीला टेकून फोटो काढायला त्याला आवडे, आणि फोटो चांगले यावेत म्हणून त्याने नुकतीच तिला चकचकीत चाकं बसवून घेतली होती.

गाडी चालवायचा सटवाजी. सटवाजी खेचर होता. चौदा वर्षांत त्याने कुणाला धडक दिली नव्हती, त्यामुळे त्याचं नाव फारसं कुणाला ठाऊक नव्हतं.

एका शनिवारी तो शेठच्या अंगणात येऊन उभा राहिला.

"शेठ, ब्रेक पॅड संपलेत. लोखंडाला लोखंड घासतंय."

"आत्ता तर बदलले होते."

"दोन वर्षं झाली. शिवाय माल जास्त असतो."

"विषय ब्रेकचा चाललाय," केरूशेठ म्हणाला. "मालाचा नाही."

पठारावरच्या गाड्या गयाबाई दुरुस्त करायची. गयाबाई साळिंदर होती. तिचे हात कायम काळे असत आणि बोलणं तिच्या काट्यांसारखं सरळ असे. तिने चाक उतरवलं, झिजलेला पॅड काढून शेठच्या पुढे धरला.

"हे बघा, नखाएवढंही उरलं नाही. तुम्हाला घाटाचे, जड मालाचे पॅड लागतील. ते तापले तरी पकड सोडत नाहीत. सकाळी जरा करकरतील. काळी पूड पडेल, चाकं अधूनमधून धुवावी लागतील. पण गाडी थांबेल."

एवढ्या सगळ्यातलं केरूशेठने 'काळी पूड' तेवढं ऐकलं.

"माझ्या नव्या चाकांवर?"

"हो."

"बिनपुडीचे नसतात का?"

"असतात की. हलक्या गाड्यांचे. सपाट रस्त्यावर छान चालतात. घाटात बावीस पोती घेऊन उतराल तर सहाव्या-सातव्या वळणाला ते तापतील. मग कितीही जोरात पाय दाबा, गाडी ऐकणार नाही."

"गयाबाई, तू फार नकारात्मक बोलतेस," केरूशेठ म्हणाला आणि निघाला.

आता मुलांनो, केरूशेठ शहाणा होता. शहाणे प्राणी कुणा एकावर विसंबून राहत नाहीत, आणि ज्याला त्या कामातलं कळतं त्याच्यावर तर नाहीच नाही.

तो आधी पोपटाकडे गेला. हा पोपट रोज फोनसमोर बसून गाड्यांविषयी बोलायचा आणि अर्धं जंगल ते ऐकायचं. त्याच्याकडे गाडी नव्हती. तो उडत असल्याने त्याला तिची गरजही नव्हती. "ब्रेक हा एक अनुभव असतो," पोपट म्हणाला. "चांगल्या ब्रेकचा आवाज येत नाही. गाडी थांबली हे सुद्धा कळता कामा नये."

केरूशेठला हे पटलं.

मग त्याने कासवाला विचारलं. कासवाने आपल्या छोट्या गाडीला बिनपुडीचे पॅड बसवले होते आणि पाचपैकी पाच तारे दिले होते. "तीन वर्षं झाली," कासव म्हणाला, "एकदाही तक्रार नाही." तीन वर्षांत ती गाडी दोनदा फाटकाबाहेर गेली होती. पण ते केरूशेठने विचारलं नाही, आणि कासवाने आपणहून सांगावं असं त्यात काही नव्हतं.

शेवटी तो कोल्ह्याच्या दुकानात गेला. गाडी किती माल वाहते, कुठल्या रस्त्याने जाते, हे कोल्ह्याने विचारलं नाही.

"गाडीचा रंग कोणता?"

"पांढरा."

"मग हेच घ्या," कोल्हा म्हणाला आणि त्याने सोनेरी खोकं पुढे केलं. खोक्यावर धावणाऱ्या चित्त्याचं चित्र होतं. चित्ता थांबण्यासाठी प्रसिद्ध नाही, पण चित्र झकास होतं. खाली कोपऱ्यात 'फक्त हलक्या वाहनांसाठी' असं छापलेलं होतं. ती अक्षरं कोल्ह्याच्या अंगठ्याखाली झाकली गेली. कोल्ह्याचा अंगठा काही मोठा नव्हता. अक्षरंच तेवढी लहान होती.

गयाबाईने ते पॅड बसवायला नकार दिला. कोल्ह्याने हसतहसत बसवून दिले.

मग चाचणी झाली. पठारावरच्या सपाट रस्त्यावर सटवाजीने रिकामी गाडी चालवली आणि ब्रेक दाबला. गाडी थांबली. आवाज नाही, पूड नाही. केरूशेठ रस्त्याच्या कडेला उभा राहून बघत होता. त्याने मान डोलावली.

"शेठ, गाडी रिकामी आहे," सटवाजी म्हणाला. "आणि रस्ता सपाट आहे."

"रिकामी असून थांबली. भरल्यावर तर ती जड होईल. जड वस्तू लवकर हलत नाही, एवढं तरी कळतं ना तुला?"

सटवाजीने गाडी वळवून अंगणात नेऊन लावली. केरूशेठ समजला, की त्याला कळलं.

मंगळवारी सटवाजी गयाबाईकडे आला.

"काय करू?"

"जाऊ नकोस."

"मी नाही गेलो तर ते दुसऱ्याला पाठवतील. त्याला घाट माहीत नसेल. आणि मला तरी दुसरं कोण ठेवून घेणार आहे?"

गयाबाईने हातातला पाना खाली ठेवला. "मग वरूनच दुसऱ्या गिअरवर उतर. ब्रेकवर पाय ठेवून बसू नकोस. डोंगराच्या बाजूला कुठे काय पडलंय ते बघत जा. माती, खडी, काहीही. गाडी घुसवता येईल असं."

बुधवारी सकाळी गाडी भरली. सटवाजीने सतरा पोती मोजून हात वर केला. केरूशेठने आणखी पाच चढवायला लावली. निघता निघता राहीबाई आली. राहीबाई म्हातारी शेळी होती. तिला खाली लेकीकडे जायचं होतं.

"आज नका येऊ, आज्जी," सटवाजी म्हणाला.

"का रे? जागा तर आहे," असं म्हणून ती पुढे चढून बसलीसुद्धा.

पहिली पाच वळणं नीट गेली. राहीबाई लेकीच्या सासूबद्दल बोलत होती आणि सटवाजी हं हं करत होता. सहाव्या वळणाला जळका वास आला. राहीबाईने नाक वर केलं. सातव्या वळणाला सटवाजीने पाय दाबला. पायाला ब्रेक दगडासारखा लागला आणि गाडी तशीच पुढे चालली. त्याने आणखी दाबला. गाडीने वेग घेतला. मागची पोती एका अंगाला सरकल्याचं त्याला जाणवलं.

सटवाजीने आवाज चढू दिला नाही.

"आज्जी, पाय वर घ्या आणि ही दांडी धरा."

"का रे बाबा?"

"जरा थांबायचंय."

त्याने गाडी पहिल्या गिअरमध्ये कोंबली. इंजिन किंचाळलं. हातब्रेक ओढला. वेग थोडा कमी झाला, पण पुढे आठवं वळण होतं आणि त्याच्यापलीकडे दरी. अलीकडे, डोंगराच्या अंगाला, रस्ता करणाऱ्यांनी टाकून दिलेला मुरमाचा ढीग होता. सटवाजीने स्टिअरिंग असं फिरवलं, की ढिगावर आधी त्याची स्वतःची बाजू आदळावी, राहीबाईची नाही.

गाडी मुरमात घुसली आणि आडवी झाली. बावीसपैकी एकोणीस पोती दरीत गेली. राहीबाईचं एक शिंग वाकलं. सटवाजीचा पाय दोन ठिकाणी मोडला.

तासाभराने केरूशेठ तिथे पोहोचला. त्याने आधी गाडीभोवती फेरी मारली. चाकं शाबूत होती. मग त्याने दरीत डोकावून पोत्यांबद्दल हळहळ व्यक्त केली. सटवाजी मुरमावर पडला होता. त्याच्याकडे बघून केरूशेठ म्हणाला, "गाडी अशी चालवतात का?"

चौकशी झाली. चौकशी न करता निर्णय घेणं त्या जंगलात असभ्य समजलं जाई. चौकशीला अस्वल नेमलं होतं. अस्वलाने राहीबाईला पुढे बोलावलं.

"अपघाताच्या आधी ब्रेकचा काही आवाज आला?"

"आवाज नाही आला. पण साहेब, जळका वास—"

"आवाज नाही," अस्वलाने लिहून घेतलं. "म्हणजे ब्रेक उत्तम होते."

मग सटवाजीला खाटेवरून उचलून आणलं.

"आठव्या वळणापर्यंत किती वेळा ब्रेक लावलास?"

"पंधरा-वीस वेळा असेल."

"वीस," अस्वल म्हणालं आणि त्याने केरूशेठकडे सहानुभूतीने पाहिलं. "एवढा वापर केल्यावर कुठलं पॅड टिकेल?"

गयाबाई न बोलावता उभी राहिली. "मी शनिवारीच सांगितलं होतं. सहाव्या-सातव्या वळणाला तापतील म्हणून."

अस्वलाने चष्मा काढला.

"जे बुधवारी घडायचं होतं ते हिला शनिवारीच कसं कळलं?"

यावर गयाबाईकडे उत्तर होतं, पण ते ऐकायला कुणी थांबलं नाही. तिच्या कामाच्या जागेला महिनाभर कुलूप लागलं. सटवाजीला ब्रेकचा अतिवापर केल्याबद्दल कामावरून काढलं. केरूशेठला, एवढं नुकसान सोसूनही धीर सोडला नाही म्हणून, शाल आणि नारळ मिळाला, आणि घाट सुरक्षा समितीचं अध्यक्षपदही. त्याने भाषणात चारदा 'जबाबदारी' हा शब्द वापरला. कोल्ह्याने खोक्यावर नवी ओळ छापून घेतली: 'प्रत्यक्ष घाटात तपासलेले'. ती अक्षरं मोठी होती.

पायाला आधार म्हणून काठी घेऊन सटवाजी एकदा गयाबाईच्या कुलूपबंद दारापाशी गेला. ती बाहेर दगडावर बसली होती. तोही शेजारी बसला.

"तुझं ऐकायला हवं होतं," तो म्हणाला.

"तू ऐकलंस," ती म्हणाली. "म्हणून बसून बोलतोयस."

तिकडे केरूशेठने गाडी सरळ करून घेतली, तसलेच नवे पॅड बसवले आणि ड्रायव्हर शोधायला लागला. एक तरणंबांड काळवीट आलं. केरूशेठने त्याला एकच प्रश्न विचारला.

"तू ब्रेक फार लावतोस का?"

"नाही शेठ. मी सहसा लावतच नाही."

"बुधवारी ये," केरूशेठ म्हणाला.

तात्पर्य: मुलांनो, गाडीचे ब्रेक पॅड नेहमी अशाच्या पसंतीने घ्यावेत, जो त्या गाडीत कधी बसत नाही. निवड करताना त्याचं मन अगदी शांत असतं.