काटाअण्णांचे दोन कॅमेरे

आमच्या शेजारचे काटाअण्णा माणसाला राम राम घालत नाहीत, त्याचं वजन सांगतात. तुम्ही पहिल्यांदा त्यांच्या ओसरीवर गेलात की चष्म्याच्या वरून एकदा डोक्यापासून पायापर्यंत बघतील आणि म्हणतील, "बहात्तर. चपला सोडून." त्यानंतर "बसा." माझ्या दुकानात एकदा विम्याचा एजंट येऊन चिकटला होता. अण्णा आत आले, त्याच्याकडे बघितलं आणि म्हणाले, "ब्याण्णव. त्यातले बारा फुकटचे." तो माणूस पुन्हा आमच्या गल्लीत फिरकला नाही. हे उपकार मी अजून विसरलेलो नाही.

त्यांचं खरं नाव श्रीरंग, पण ते आता फक्त लाइटबिलावर उरलंय. बत्तीस वर्षं ते इकडच्याच एका साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर होते. ऊस भरून गाडी आली की वजन, ऊस उतरवून रिकामी गाडी निघाली की परत वजन, आणि दोन्हींतला फरक म्हणजे निव्वळ ऊस. बत्तीस वर्षं हेच केल्यावर माणसाच्या डोक्यात दुसरं काय राहणार? एकदा खुद्द चेअरमनसाहेब फोनवर बोलत बोलत गाडीशेजारी काट्यावर येऊन उभे राहिले. त्यांना "बाजूला व्हा" म्हणायची कुणाची छाती होईना. अण्णांनी मुकाट्यानं पावती केली आणि खाली लिहिलं, 'चेअरमनसाहेब वजा.' किती किलो वजा, तेही लिहिलं.

रिटायर झाल्यावर त्यांनी पहिलं काय केलं असेल, तर गोणी तोलायचा एक काटा आणून ओसरीत मांडला. शेजारी किराणा दुकानातला छोटा काटा. दिवाळीला जावई आले की आल्याआल्या त्यांना मोठ्या काट्यावर उभं करायचं आणि जेवण झाल्यावर पुन्हा. "पावणे बाराशे ग्रॅम जेवले," हे भर ओसरीत मोठ्यानं जाहीर. जावई हल्ली बाहेरूनच जेवून येतात. सुमनकाकू, म्हणजे अण्णांची बायको, म्हणायच्या, "यम न्यायला आला तरी हे त्याच्या रेड्याला आधी काट्यावर घेतील."

आता माझा या सगळ्यात काय संबंध, तर माझं माजलगावात फ्लेक्सचं दुकान आहे. वाढदिवस, अभिनंदन आणि श्रद्धांजली ही आमची तीन मुख्य पिकं. डिझाइन तिन्हींना जवळपास एकच असतं. तिसऱ्याला फक्त 'शुभेच्छुक' काढून 'शोकाकुल' लिहायचं.

मागच्या उन्हाळ्यात काकूंची थोरली जाऊ वारली. पुतण्यांनी फोटो म्हणून तिचं आधारकार्ड आणून दिलं. दुसरा फोटोच नव्हता, मी तरी काय करणार? मोठा केला आणि चौकात लावला. दुसऱ्या दिवशी काकू दुकानात आल्या. म्हणाल्या, "दत्ता, जाऊबाईनं जन्मात कुनाची सुई चोरली न्हाई, आन तू तिला दरोडेखोर करून टांगलंस." चूक नव्हतं त्यांचं. आधारकार्डावर माणूस तसाच दिसतो, नुकताच पकडून आणल्यासारखा.

पुढं आषाढात काकूंनाच धाप लागायला लागली. डॉक्टरांनी सांगितलं, हृदयाची झडप बदलावी लागेल. संभाजीनगरच्या दवाखान्यात ऑपरेशन ठरलं, पोळ्यानंतरच्या सोमवारी निघायचं होतं. काकू तूर निवडत बसल्या होत्या. सुपातून मान वर न करता त्या अण्णांना म्हणाल्या, "जायच्या आधी माझा एक चांगला फोटो काढून ठेवा. काय सांगता येतंय. आधारकार्डावरचा नको." रडणं नाही, काही नाही. पावशेर तूर आणा म्हणावं, तसं म्हणाल्या.

आता बघा, एक बाई, एक फोटो आणि हाताशी दीड महिना. यात घोडं अडायला जागा आहे का? पण घोडं अण्णांचं होतं.

मी तिथल्या तिथं मोबाइल काढला. अण्णांनी माझा हात धरला. "मोबाइलनं फोटो काढत न्हाईत बे. मोबाइलनं पुरावा काढतेत. हिच्यासाठी कॅमेरा घ्यायचा, कायदेशीर."

ठीक आहे, घ्या म्हटलं. सिरसाळ्याच्या एका लग्नाच्या फोटोग्राफरनं नवा मोठा कॅमेरा घेतला होता, त्याचा जुना, शिकताना वापरलेला डीएसएलआर पडून होता. तो मी आणून दिला. आणि आमच्याच गल्लीतल्या एका गुरुजींकडं खिशात मावणारा छोटा डिजिटल कॅमेरा होता. चारधाम यात्रेसाठी घेतलेला आणि यात्रेनंतर खोक्यात झोपलेला. दोघांचंही म्हणणं एकच पडलं, आठ दिवस वापरून बघा, जो आवडेल तो ठेवा.

दोन्ही कॅमेरे पहिल्यांदा कुठं गेले हे सांगायला नको. मोठा, भिंगासकट आणि पट्ट्यासकट, सहाशे नव्वद ग्रॅम. पट्टा काढून परत तोलला. छोटा दोनशे दहा. मग अण्णा माझ्याकडं वळून म्हणाले, "मोठा तिपटीहून जड हाय. म्हंजे फोटोबी तिप्पट चांगला यायला पायजे. येतो का?" मी चपला घातल्या आणि दुकान गाठलं.

तिथून जे सुरू झालं, त्यानं मला पार बेजार केलं. सोमवारी सकाळी शटर उघडायच्या आत अण्णा हजर. "दत्ता, मोठाच घेतो. त्यात मागचं समदं धूसर होतंय, माणूस तेवढं उठून दिसतंय. आमच्या अंगणात मागं संडासाचं दार हाय. ते धूसर झालेलं बरं." मी म्हटलं, झकास. मंगळवारी पुन्हा हजर. "मोठा न्हाई जमत बे. मोठा बघितला की माणूस ताठतंय. तहसीलदाराम्होरं उभं केल्यावानी. बारका बरा. खिशातून काढला, बटन दाबलं, माणसाला पत्ता न्हाई." बुधवारी, "बारक्याचा फ्लॅश पडला की डोळे लाल येतेत. ती हडळीवानी दिसल." गुरुवारी परत मोठा. आठ दिवसांची मुदत कधीच उलटून गेली, पण कॅमेरे परत मागायला कुणी आलं नाही. मी म्हटलं, "अण्णा, लग्नाला पोरगी पसंत करताना एवढा वेळ घेतला होता का?" तर म्हणाले, "तवा चॉइस नव्हता."

सराव म्हणून ते मोठा कॅमेरा गळ्यात अडकवून मारुतीच्या पारावर जायला लागले. तिथं आमच्या भागातले सगळे म्हातारे बसतात. अण्णांनी कॅमेरा डोळ्याला लावला की पार मोकळा. कारण म्हाताऱ्या माणसाचा चांगला फोटो कशासाठी काढून ठेवतात, हे तिथं प्रत्येकाला ठाऊक. एक आजोबा तर धोतर सावरत पळता पळता म्हणाले, "श्रीरंगा, मला न्हाई इतक्यात जायचं. नातवाचं लगीन व्हायचंय." अण्णा पोट धरून हसले. "फोटोनं माणूस मरतंय व्हय बे? तसं असतं तर फ्लेक्सवरचे हे पुढारी कवाच संपले असते. रोज एक फोटो काढतेत." यावर पारावर कुणाचाच विरोध नव्हता.

आणि इकडं काकू. अण्णा सकाळी "आज काढू" म्हणाले की त्या डाळिंबी रंगाची इरकल नेसायच्या, कपाळावर नीट कुंकू लावायच्या आणि अंगणातल्या खुर्चीत येऊन बसायच्या. अण्णा दोन्ही कॅमेरे घेऊन समोर. ऊन जास्त आहे. आता ढग आले. लिंबाची सावली तोंडावर पडायली. शेजारच्यांची शेळी मधी आली. शेवटी "उद्या काढू." काकू उठायच्या, इरकल घडी करून ठेवायच्या आणि भाकरी टाकायला बसायच्या. हे मी आमच्या गच्चीवरून किती वेळा बघितलं, मोजलं नाही. दर खेपेला त्यांना खुर्चीतून उठायला थोडा जास्त वेळ लागत होता.

पोळ्याला कहर झाला. अण्णांनी गल्लीतल्या झाडून सगळ्या बैलांचे फोटो काढले. झुली, बाशिंगं, रंगवलेली शिंगं, मोठ्यानं वेगळे, बारक्यानं वेगळे. आणि काय फोटो आले होते म्हणून सांगू! बैलाच्या पापणीचा केस न् केस मोजून घ्या. मी बघितले आणि माझं डोकं सणकलं. या माणसाला सगळं येतं. ऊन कळतं, सावली कळते, दोन्ही कॅमेरे कळतात. मग परक्यांच्या बैलांचे फोटो काढतो आणि बायकोचा एक फोटो काढत नाही, हा काय आगाऊपणा?

निघायचा सोमवार उद्यावर आला. रविवारी चारच्या सुमाराला मी दुकान बंद करून सरळ त्यांच्या अंगणात गेलो. काकू इरकल नेसून खुर्चीत. अण्णा ओसरीत बसून मोठ्या कॅमेऱ्याचं भिंग धोतराच्या सोग्यानं पुसत होते. बारका चार्जिंगला लावलेला.

"अण्णा," मी म्हटलं, "ऊन मऊ आहे, सावली नाही, शेळी बांधलेली आहे. आता काय राहिलं?"

"भिंगावर डाग हाय एक."

"डाग बिग काही नाही. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं कशाला आणताय? तुमच्याच्यानं होत नसेल तर आणा इकडं, मी काढतो."

अण्णा उठले आणि मला दंडाला धरून घराच्या मागं घेऊन गेले. मला वाटलं, आता शिव्या बसणार. बोलले ते एकदम हळू.

"एकेचाळीस."

"काय एकेचाळीस?"

"ती. गेल्या दिवाळीला त्रेपन्न होती. दवाखान्यात सांगायच्या आधीच मला दिसायलंतं. रोज दिसतंय, मी कुनाला बोललो न्हाई." त्यांनी कॅमेरा एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. "पारावरच्या म्हाताऱ्यांना मी हसलो. फोटोनं माणूस मरत न्हाई, हे मला कळतंय, मी काय अडाणी न्हाई. पण ती खुर्चीत बसती आन मी ह्याला डोळा लावतो, तवा मला तिच्या फोटोला हार दिसतोय बे. मोठ्यातनंबी दिसतोय, बारक्यातनंबी दिसतोय. मला लई भ्या वाटायलंय, दत्ता."

दीड महिना मी या माणसाची गल्लीभर टिंगल केली होती. चहाच्या टपरीवर त्याच्या नकला केल्या होत्या. मला माझीच लाज वाटली. मी त्यांच्या हातातला कॅमेरा घेतला.

तेवढ्यात मागच्या दारात काकू. भिंतीला धरून धरून आल्या होत्या.

"तुमी हळू बोललाव तरी कारखान्यापतूर ऐकू जातंय," त्या म्हणाल्या. मग जरा दम खाल्ला. "आन मला काय आज कळलं का? कॅमेरा काय तांदूळ हाय, दीड महिना निवडत बसायला?"



"दुसरी खुर्ची आना," काकू म्हणाल्या. "दत्ता, दोघांचा काढ. जोडीच्या फोटोला कुनी हार घालत न्हाई."

"आन उद्या तिथं काही झालं तर?" अण्णांनी विचारलं.

"झालं तर झालं. तुमी तर हाव की मागं. तुमी असस्तोवर त्या फोटोला हार घालायची कुनाची छाती हाय?"

मी काकूंना धरून पुन्हा अंगणातल्या खुर्चीत बसवलं. अण्णा आत गेले आणि दुसरी खुर्ची घेऊन आले. मी मोठा कॅमेरा उचलला, तर काकू म्हणाल्या, "तो नको, बारका घे. मोठा बघितला की ह्यांचं तोंड काट्यावर चेअरमन आल्यावानी होतंय." मी बारका घेतला. अण्णा शेजारी बसले, पण अंग चोरून, हातभर लांब. काकूंनी आपली खुर्ची सरकवायचा प्रयत्न केला, ती हलेना, तेव्हा अण्णांनीच स्वतःची सरकवली. काकू काहीतरी पुटपुटल्या, मला ऐकू आलं नाही. अण्णा हसले. मी बटन दाबलं.

तासाभरानं अण्णा प्रिंट न्यायला दुकानात आले. मी फोटो स्क्रीनवर मोठा करून ठेवला होता. संडासाचं दार लख्ख दिसत होतं, शेळीचं अर्धं शेपूट आलं होतं आणि काकू हसताना डोळे बारीक झाले होते. अण्णांच्या मुठीत काकूंच्या पदराचं टोक होतं. जत्रेत पोरगं आईचा पदर धरतं, तितकं घट्ट. ते त्यांनी कधी धरलं, त्यांना तरी ठाऊक होतं की नाही कोण जाणे.

अण्णांनी माझ्या मागं उभं राहून तो बघितला. मग म्हणाले, "दत्ता, एक विचारू का? ह्यातनं तिला एकटीला काढता येतंय का?"

खरं सांगायचं तर आमच्या धंद्यात हे पाच मिनिटांचं काम. लग्नाच्या पंगतीत जिलबी खाणारा माणूस मी तोंडातल्या जिलबीसकट बाहेर काढून, जिलबी पुसून, चौकात हारासहित उभा केलेला आहे. ती मूठ, तो पदर, सगळं निघालं असतं.

"न्हाई, अण्णा," मी म्हटलं. "न्हाई येत."

"बिलकूल न्हाई?"

"बिलकूल."

"मग चांगला आलाय," अण्णा म्हणाले, आणि चष्मा काढून सदऱ्याला पुसत तिथंच स्टुलावर बसून राहिले.