जनामावशीची तीन बोटं

आमच्या नारपोलीच्या चाळीत जनामावशी कोणालाही भेटली की आधी दंड चाचपते आणि मग ख्यालीखुशाली विचारते. गादी, उशी, आंबा, जावई, तिच्या बोटांतून कोणी सुटत नाही. माझ्या होणाऱ्या जावयाच्या मानेवरची चरबीची गाठ तिने साखरपुड्यातच शोधली आणि भर मांडवात जाहीर केलं, "बोटाखाली सरकते. भिऊ नका, लगीन करा." जावई त्या दिवसापासून कॉलरचं बटण लावून येतो.

मूळची ती अंबाडी गावाकडची. उभा जन्म एका लूमच्या कारखान्यात कापड तपासण्यात गेला. कापडाचा ताका टेबलावर पसरायचा, वरून तीन बोटं फिरवायची आणि सुताची गाठ लागली की चिमट्याने उपटायची. शेठने हौसेने टेबलावर मोठा दिवा लावला, तर हिने तो बंद केला. म्हणाली, "डोले खोटं बोलतात, शेठ. बोटं न्हाय."

काम सुटलं, पण बोटं रिकामी बसेनात. तेवढ्यात वस्तीत एक नर्सबाई छातीतली गाठ कशी तपासायची ते शिकवायला आली. बाकीच्या बाया पदरात तोंड लपवून हसत होत्या. मावशी मात्र शिकली, आणि निघताना नर्सबाईच्याच दोन चुका काढून मोकळी झाली.

मग तिची शाळा माझ्या स्वयंपाकघरात भरू लागली. कणकेच्या गोळ्यात हरभरे लपवायची आणि मला शोधायला लावायची. "टोकानं खुपसू नको. बोटांची पोटं टेकव. लहान लहान गोल फिरव. आधी हलकं, मग खोल." मी एकदा ऐटीत सांगितलं, तीन आहेत. "दोनच हाईत," ती म्हणाली. "तिसरा तुझ्या कनकेतला गुठला. आधी पीठ मलायला शीक."

तिचा नियम ठरलेला होता. "गाठ कसलीबी असो, डॉक्टरला दाखवायची. पन जी सरकत न्हाय आन दुखत न्हाय, तिला त्याच दिवशी." समोरच्या शबानाभाभीला तिने असंच हाताला धरून, जवळजवळ ओढत, दवाखान्यात नेलं होतं. भाभी आज ठणठणीत आहे. दर ईदला शिरखुर्म्याचा पहिला वाडगा मावशीकडे जातो.

गेल्या महिन्यात मात्र मावशी आली ती हात पदराखाली घेऊन. टोपलीत आंबे होते, एकही दाबून पाहिला नाही. मी विचारलं, "बरं नाही का?" तिने दार लावलं, माझ्या खाटेवर आडवी झाली आणि डावा हात डोक्याखाली घेतला.

"तू बघ."

"मी? मला तर पीठ मळता येत नाही!"

"तूच बघ, पोरी. दोन महिने झाले, माझी बोटं एकच सांगतात. पहिल्यांदाच वाटते, त्यांनी खोटं बोलावं."

दोन महिने! दुसरीला दोन तास थांबू न देणारी ही बाई. मला राग आला, पण तिचा चेहरा पाहून तो गिळला. मी बोटांची पोटं टेकवली. आधी हलकं, मग खोल. काखेजवळ हरभरा लागला. मी ढकलून पाहिला, तो जागचा हलला नाही.

तिचा नवरा जाऊन किती वर्षं झाली, मूलबाळ नाही. साऱ्या चाळीला चाचपत फिरणाऱ्या या बाईच्या अंगाला मायेने हात लावणारं कोणी उरलं नव्हतं, आणि हे मला इतक्या वर्षांत एकदाही सुचलं नव्हतं. मला माझीच लाज वाटली.

"हाय ना?" ती छताकडे बघत म्हणाली.

"आहे, मावशी."

"सरकते?"

खोटं अगदी ओठांवर आलं होतं. "नाही," मी म्हटलं.

तिने डोळे मिटले. "बराबर सांगितलंस. शिकलीस हो."

"आजच डॉक्टरकडे जायचं. मी येते सोबत." मी हात काढून घेऊ लागले, तशी तिने माझी बोटं धरून ठेवली.

"जाऊ की. पन आता जरा ऱ्हाऊ दे हात."