सीलबंद पाकीट आणि गरम बाओ

आमच्या तालुक्याच्या हॉस्पिटलातून आजवर जेवढे डॉक्टर, नर्सा आणि कंपाउंडर नोकरी बदलून गेले, त्या सगळ्यांच्या फाइली माझ्या हातून गेल्या. त्यातली एकही परत आली नाही. एकही नाही! मी, ल्वो शूफन, कर्मचारी विभाग, जिन्याखालची खोली. खोली लहान आहे, पण माझ्यापुढे भले भले सर्जन चळाचळा कापतात.

फाइल म्हणजे तुम्हाला वाटते तशी फाइल नव्हे हं! माणसाचं शाळेपासूनचं सगळं त्या खाकी पाकिटात असतं. मार्क, नेमणुका, बढत्या, साहेबांची मतं. माणूस नवीन ठिकाणी गेला की पाकीट सीलबंद होऊन त्याच्यामागे जातं. ज्याचं पाकीट, त्याला ते बघता तर येत नाहीच, पण बोटसुद्धा लावता येत नाही. आणि सील उघडलेलं दिसलं की खेळ खलास, नवी कचेरी घेतच नाही. म्हणून माझा सगळा जीव त्या सीलच्या पट्टीत. ऑफिसचा डिंक मी वापरत नाही. कसला मेला तो डिंक, नुसता शेंबूड! मी घरी गव्हाच्या पिठाची खळ शिजवते. तिने पट्टी चिकटवली आणि वर शिक्का हाणला, की कुणाचा बाप आला तरी उघडायची नाही! असं मी चारचौघांत सांगत असे.

तर या खेपेला जायची होती थाओ येन, लहान मुलांच्या वॉर्डातली नर्स. क्वार्टर्समध्ये सहा वर्षं माझ्या शेजारच्या खोलीत होती. नवरा ग्वेयांग शहरात बस चालवतो आणि चार वर्षांची लेक तिथेच आजीपाशी. पोरीला आई माहीत ती फोनमधली. एकदा येन सुटीला घरी गेली, तर पोरगी दारात उभ्या आईला सोडून फोन शोधत सुटली. का, तर घरी पाहुणी आलीय हे आईला दाखवायला! येन मला हे हसत हसत सांगत होती, आणि सांगता सांगता माझ्याच टेबलावर डोकं ठेवून रडायला लागली.

"अर्ज कर," मी म्हटलं. "पुढचं मी बघते."

ग्वेयांगच्या मोठ्या हॉस्पिटलात तिची निवड झाली. पण तिथून आलेलं फाइल मागणारं पत्र आमच्या डायरेक्टरसाहेबांनी चहाच्या कपाखाली दाबून ठेवलं. "चांगल्या नर्सा काय झाडाला लागतात?" म्हणे. मी रोज जाऊन कटकट केली तेव्हा कुठे सही मिळाली, आणि मिळाली ती अगदी शेवटच्या क्षणी. शुक्रवारी तिथली कचेरी बंद व्हायच्या आत फाइल पोचली नाही, तर जागा यादीतल्या पुढच्या नर्सला जाणार! टपालाची सोयच उरली नाही. म्हटलं, मी स्वतः रेल्वेने नेते.

नियमाप्रमाणे फाइलबरोबर दोन माणसं लागतात. दुसरे मिळाले हिशेबखात्यातले पंगभाऊ. हा माणूस बसला की झोपतो. झोपला की डबाभर लोकांना कळतं.

शुक्रवारी पहाटे मी येनसाठी बाओ केले, म्हणजे गव्हाच्या पिठाचे, सारण भरून उकडलेले पाव. तिच्या आवडीचे, आंबवलेली मोहरीची पानं आणि डुकराचं मटण भरलेले. सहा वर्षं ती रात्री माझ्याकडेच जेवायची. मीही एकटी, तीही एकटी. मला दोन वाट्या मांडायची सवयच लागून गेली होती. बाओ चाळणीतून काढले ते तसेच वाफाळते गोधडीच्या तुकड्यात गुंडाळून पिशवीत घातले. फाइल चुरगळू नये म्हणून ती बाओंच्या वर आडवी ठेवली. काय पण अक्कल!

गाडीत येन समोर बसली होती. पंगभाऊ घोरत होते.

"मावशी, त्यात माझ्याबद्दल काय लिहिलंय हो?"

"गप्प बस."

"एवढंच सांगा, चांगलं आहे ना?"

"वाईट असतं तर त्यांनी बोलावलं असतं का? हात मागे घे आधी!"

ती हसली आणि दोन्ही हात मांडीखाली घालून बसली, शाळेतल्या पोरीसारखी. मला भरून आलं. म्हटलं, पोरीला बाओ द्यावा. पिशवीत हात घातला, तर फाइल गरम. गरम आणि ओली! चाचपून पाहिलं, तर सीलची पट्टी लोंबत होती आणि पाकिटाचं तोंड आ वासून उघडं!

अहो, पिठाचीच खळ ती! बाओही त्याच पिठाचे! वाफ लागली आणि दोघांनी संगनमत केलं!

मी पाकीट बाहेर ओढलं आणि तोंड दाबून छातीशी गच्च धरलं. मला दरदरून घाम फुटला.

"मावशी, काय होतंय? छातीत दुखतंय का?"

"नाही!"

"डाव्या हातात कळ येतेय?"

"नाही गं!"

"मग छातीवरचा हात काढा बघू."

"नाही!"

कसं सांगणार? त्या पाकिटात तिची नोकरी होती, तिची लेक होती. येनने माझं मनगट धरलं. नाडी अशी उडत होती की तिचाच चेहरा पांढरा पडला. "डॉक्टर! गाडीत कोणी डॉक्टर आहे का?" ती ओरडली. गार्डने घोषणा केली. सगळा डबा गोळा झाला. एक गृहस्थ गर्दीतून वाट काढत आले आणि म्हणाले, "मी डुकरांचा डॉक्टर आहे. पण छाती ती छातीच." त्यांनी मला बाकावर आडवं केलं, डोळ्यांत बॅटरी मारली आणि तोंड उघडून दातही तपासले!

ग्वेयांगच्या स्टेशनवर ॲम्ब्युलन्स हजर. आता तुम्हीच ओळखा, स्टेशनाजवळचं हॉस्पिटल कुठलं? तेच! येनचं नवीन हॉस्पिटल! नव्या नोकरीच्या दारातून येन आत शिरली ती माझ्या स्ट्रेचरमागे धावत, चप्पल हातात घेऊन.

"ते पाकीट बाजूला ठेवा, ईसीजी काढायचाय," इमर्जन्सीतला डॉक्टर म्हणाला.

"मेले तरी ठेवणार नाही!"

त्याने हात पुढे केला. मी दात दाखवले. मग येन हळूच जवळ आली आणि माझी बोटं सोडवायला लागली.

"हात लावू नकोस! तू तर मुळीच नाही!"

ती थबकली. डोळे भरले तिचे. "मावशी, अजून गेलेही नाही मी तुम्हाला सोडून," ती म्हणाली, "आणि आत्ताच परकी झाले का?"

आता मात्र माझा धीर सुटला. "अगं, उघडलंय गं पाकीट! माझ्याच बाओंनी उघडलं! मी तुझं वाटोळं केलं, येन!"

येनने माझं मनगट पुन्हा धरलं. मग अगदी बारीक आवाजात म्हणाली, "म्हणजे हार्ट ॲटॅक नाही?"

"नाही."

"नक्की?"

"नक्की गं."

ती तिथेच फरशीवर बसली आणि हुंदके देत हसायला लागली. "अहो मावशी! मला वाटलं तुम्ही चाललात!" नोकरीबद्दल एक शब्द काढला नाही पोरीने. माझा हात गालाशी धरून नुसती बसून राहिली. खरं सांगते, ॲटॅक त्या वेळी आला असता तरी चाललं असतं मला.

इतक्यात पंगभाऊ, जन्मात पहिल्यांदा धावत, तिथल्या कर्मचारी विभागाच्या फांगबाईंना घेऊन आले. फांगबाई म्हणजे थेट मीच, फक्त चष्मा जाड! त्यांनी लोंबती पट्टी बघितली.

"उघडं पाकीट मी घेत नाही," त्या म्हणाल्या. मीही हेच म्हटलं असतं, अगदी याच सुरात.

"बाई, हवी ती शिक्षा मला करा. तिची लेक वाट बघतेय."

फांगबाईंनी येनला दाराबाहेर काढलं. यादी धरून एकेक कागद तपासला. सगळे जागच्या जागी होते. मग विचारलं, "उघडल्यापासून हे कुणाकुणाच्या हातात होतं?"

"कुणाच्याच नाही!" डॉक्टर, वॉर्डबॉय आणि ॲम्ब्युलन्सवाले एका सुरात ओरडले. "बाई चावायला येतात!"

फांगबाईंचा ओठ जरासा हलला. "खुलासा लिहा. खरं कारण लिहा. तो कागद शिक्क्यासकट फाइलमध्ये कायमचा राहील."

मी लिहिलं, 'वाफ.'

"कसली वाफ?"

"बाओंची."

"सरकारी फाइलखाली बाओ का ठेवलेत?"

"दुसऱ्या पिशवीत ठेवले असते तर गार झाले असते."

"झाले असते गार, तर काय बिघडलं असतं?"

"तिला गार खावे लागले असते ना!" मी जवळजवळ ओरडलेच. "सहा वर्षांत माझ्या घरी गार खाल्लेलं नाही तिने!"

फांगबाईंनी चष्मा काढून पुसला. बराच वेळ पुसला. "हे असंच लिहा," त्या म्हणाल्या. "शब्द न् शब्द."

तसं लिहिलं. साक्षीदारांच्या सह्या झाल्या, नवी पट्टी चिकटली, शिक्का बसला. कचेरी बंद व्हायला थोडाच वेळ होता. बाहेर येन भिंतीला टेकून उभी होती.

"झालं?"

"झालं! जा, लेकीकडे जा."

"काय लिहिलंत मावशी?"

"तुझ्या फाइलमधलं तुला सांगता येत नाही. नियम म्हणजे नियम!"

म्हणजे बघा, येन रिटायर होईपर्यंत माझे बाओ तिच्याबरोबर जागोजागी फिरणार, आणि तिला ते कधी कळायचं नाही.

घरी परतले आणि सवयीने दोन वाट्या काढल्या. एक परत ठेवत होते तेवढ्यात फोन वाजला. पडद्यावर येन होती, तिच्या मांडीवर तिची लेक.

"मावशी, तुमची पिशवी इमर्जन्सीतच राहिली! मी परत गेले तर सगळ्यांनी मिळून बाओ संपवलेले. मला एकसुद्धा मिळाला नाही! आणि फांगबाई विचारतायत, सारणात काय घालता?"

"त्यांना सांग, गोपनीय आहे!" मी म्हटलं, आणि फोन झटकन तिरका केला. माझे डोळे दिसायला नकोत म्हणून.

हल्ली मी निमूटपणे ऑफिसचाच डिंक वापरते. पण दर महिन्याला येनला बाओ जातात, तेही वाफाळते. हिशेबाच्या कामासाठी ग्वेयांगला जाणाऱ्या पंगभाऊंच्या पिशवीतून!