सिलिकॉनचे मामा

माणसाच्या शरीराला परकं काहीही खपत नाही. साधा काटा रुतला तरी ते सूज, पू आणि ताप अशी तिहेरी हरकत नोंदवतं. सिलिकॉनला मात्र ते सहसा हरकत घेत नाही. सिलिकॉन मऊ असतं, उकळलं तरी बिघडत नाही आणि आत जाऊन कुणाशी भांडत नाही. म्हणून नळ्या, बोटांचे सांधे, कानातल्या यंत्रांचे साचे अशा सगळीकडे वैद्यकशास्त्राने त्याला मानाने बसवलंय. (आमच्या घरात इतका गुणी नातेवाईक एकही नाही.)

माझी मावशी ज्या रुग्णालयात मुख्य नर्स आहे, तिथे तर अख्खा रुग्णच सिलिकॉनचा आहे. शिकाऊ मुलींनी सुया टोचण्याचा सराव त्याच्यावर करायचा. सराव ‘प्रत्यक्ष रुग्णशय्येवर’ व्हावा असा नियम असल्यामुळे त्याला खिडकीजवळची खाट, स्वच्छ चादर आणि डोक्यावर पंखा आहे. जिवंत रुग्ण व्हरांड्यात बाकांवर असतात. जिवंत असल्यामुळे त्यांना बसता येतं.

अशात मामांना पित्ताशयातल्या खड्यांनी गाठलं. ऑपरेशन दुसऱ्या दिवशी सकाळी. अट एवढीच, की आज खाट मिळाली पाहिजे. नाहीतर पुढची तारीख दोन महिन्यांनी. मामा असे काही ओरडत होते, की व्हरांड्यातले बाकीचे आपापलं दुखणं विसरले. (ही सेवा मोफत होती.)

मावशीने तोडगा काढला. सिलिकॉनचा रुग्ण खाटेखाली, मामा खाटेवर.

“अगं, पण आत्ता तपासणीवाले येतायत ना?” मी म्हटलं.

“म्हणून तर सांगतेय. दादा, या खाटेवर जिवंत माणूस सापडला तर उचलून बाहेर काढतील. ते जाईपर्यंत तू सिलिकॉनचा. हूं की चूं करायचं नाही.”

“अगं बाई, पण दुखतंय!”

“सिलिकॉनला दुखत नाही. झोप.”

तपासणीवाले आले. मोठ्या साहेबांनी मामांचा दंड दाबला, कान ओढून पाहिला. “त्वचा फारच अस्सल. पोट मात्र उगाच जास्त भरलंय.”

मामा गप्प. (मामींना हे अजून खरं वाटत नाही.)

मग शिकाऊ मुलींचं प्रात्यक्षिक. पहिलीने सुई खुपसली.

“अरे वा, रक्तसुद्धा येतं?”

“हो सर, सुधारित आवृत्ती आहे,” मी म्हटलं. पाहुण्यांना उत्तर द्यावं, असं आमच्याकडचं वळण आहे.

दुसरीने टोचली. तिसरीचा नेम चुकला, म्हणून साहेबांनी मोठ्या मनाने तिला पुन्हा संधी दिली. मामांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. त्या सोयीचंही कौतुक झालं. जाताना साहेबांनी शेरा लिहिला : ‘रुग्ण आदर्श. असेच आणखी मिळावेत.’

सकाळी ऑपरेशन झालं. मामा आता ठणठणीत आहेत आणि पुन्हा ओरडतात. माझ्या पाहणीनुसार (नमुना : एक मामा) खाट मिळायला आजार पुरत नाही, तोंड बंद लागतं.

तुम्ही हसताय. हसा. पण परवा डॉक्टरांनी मान वर न करता “काय होतंय?” विचारलं, तेव्हा रात्रभर कळवळलेले तुम्ही काय म्हणालात? “तसं विशेष काही नाही, डॉक्टर.”

मामांनी निदान खाटेसाठी केलं. तुम्ही फुकटात केलंत.