सोनवणे काकांची राखीव यादी

सकाळी साडेसहाला, दूधवाल्याच्याही आधी, आमच्या जिन्यात सोनवणे काकांचा आवाज येतो. "शेट, जपानच्या पोरीचा घोटा मुरगाळला. आता कोण?"

मी दात घासत असतो. जपानमधली कुठलीही पोरगी माझ्या ओळखीची नाही. गुलमंडीत माझं मॅचिंग सेंटर आहे. ब्लाऊजपीस, अस्तर आणि फॉल यांच्या पलीकडचं मला फारसं काही कळत नाही. तरी मी तोंडातला फेस सांभाळत म्हणतो, "हो ना काका, आता कोण?" असं म्हटल्याशिवाय ते जिन्यातून हलत नाहीत.

भानुदास सोनवणे आमच्या वरच्या मजल्यावर राहतात. त्यांना नाद आहे फिगर स्केटिंगचा. पायात पात्याचे बूट घालून बर्फावर गिरक्या घ्यायच्या, असा तो खेळ. काकांनी आयुष्यात पाहिलेला सगळ्यात मोठा बर्फ म्हणजे रसवंतीवर गोणपाटात गुंडाळून येते ती लादी. पण खरी गोम पुढेच आहे. काका तो खेळ बघतच नाहीत. कोण जिंकलं, कोण पडलं, कुणी किती गिरक्या घेतल्या, याच्याशी त्यांना कर्तव्य नाही. कुणी माघार घेतली आणि तिच्या जागी कुणाला बोलावलं, एवढ्याच बातमीसाठी ते मोबाइल डोळ्यांना चिकटवून बसतात.

याचं मूळ त्यांच्या नोकरीत आहे. शेंद्र्याच्या एका कंपनीत ते टाइम ऑफिसात होते. पाळीला कुणी आलं नाही की त्याच्या जागी रिलीव्हर उभा करायचा, हे त्यांचं काम. "लाइन थांबली नाय पायजे," हे वाक्य त्यांनी इतक्या वर्षांत इतक्यांदा म्हटलंय, की निवृत्तीच्या सत्कारात साहेबांनी तेच म्हणून त्यांना शाल पांघरवली. पुढं मुलगी सुनीता कॅनडाला गेली. घराजवळच्या बर्फाच्या मैदानाचा व्हिडिओ तिनं पाठवला, आणि मोबाइल तेव्हापासून काकांना नुसता बर्फच दाखवायला लागला. त्यात एकदा 'अमुक खेळाडूची माघार, तमुकला संधी' असं आलं आणि काका ताडकन उठून बसले. साता समुद्रापार कुणीतरी त्यांचंच काम करत होतं!

आता त्यांच्या बैठकीत एक फळा आहे. त्यावर खडूनं स्पर्धा, माघार, राखीव असे रकाने. नावं उच्चारायला अवघड, म्हणून 'फिनलंडची उंच', 'कोरियाची लहानी', 'इटलीचा दाढीवाला' अशी नोंद.

मला त्यांनी नियम किमान शंभर वेळा समजावले असतील. एकदा तर दुकानात, भर गर्दीत.

"हे बगा शेट. एक असती निमंत्रणाची स्पर्धा. तिथं जागा माणसाची. तो आला नाय, का राखीव यादीतून दुसरा उचलायचा, कोन्या का देशाचा असंना. पन एका देशाचे तिनाच्या वर नाय. अन् एका माणसाला दोनच निमंत्रणं."

"बरं."

"अन् दुसरी असती जगाची स्पर्धा. तिथं जागा देशाची! फ्रान्सवाला आजारी पडला, तर फ्रान्सच दुसरा धाडनार. शेजारच्यानं मधी यायचं नाय."

"म्हणजे जागा माणसाची की देशाची?"

"आता तेच तर सांगून ऱ्हायलो!"

समोरच्या बाईंना मोरपंखी अस्तर हवं होतं. मोरपंखी संपलं होतं, म्हणून मी रामा रंगाचं दाखवलं. काका त्यांना म्हणाले, "घ्या ताई, हा पहिला राखीव हाय." बाई रामा न घेताच गेल्या. जागा कुणाची, हे मला आजही नीट सांगता येणार नाही.

माझ्या पुतणीच्या लग्नात तर त्यांनी कहरच केला. मुलीला मांडवात घेऊन येणारा मामा जालन्याजवळ गाडी पंक्चर होऊन अडकला. मुहूर्त जवळ आला. काकांनी शर्टाच्या खिशातून चिठ्ठी काढली. तिच्यात राखीव मामांची नावं क्रमवार लिहिलेली होती! मावसमामा पुढं झाले, मुलगी मांडवात आली, तेवढ्यात खरे मामा धापा टाकत दारात हजर. काकांनी त्यांना हात आडवा केला. "माघार नोंदली का नोंदली, पाव्हणं. आता पुढच्या स्पर्धेला." ते मामा अजून माझ्याशी बोलत नाहीत.

असा हा माणूस काहीच गंभीरपणे घेऊ देत नाही, असं मला वाटायचं. मग एका सकाळी ते जिन्यात आले, पण नेहमीसारखे ओरडले नाहीत.

"शेट, जर्मनीची जोडी गेली. पोराचा खांदा निखळला."

जोडीचाही प्रकार असतो या खेळात, एक मुलगा आणि एक मुलगी मिळून. मी म्हटलं, "पोरगी तर धडधाकट आहे ना? मग तिला दुसरा जोडीदार द्या. आमच्याकडं बायका जुन्या साडीवर नवा ब्लाऊज रोज नेतात."

काका एकदम चिडले. "तसं नाय होत! जोडी म्हंजी जोडी. एक पडला का नाव दोघांचं जातं. दुसरा कितीबी धडधाकट असंना, त्याला एकट्याला कोन उतरू देत नाय. त्यांच्या जागी दुसरी जोडी येती. अख्खी." आणि तरातरा वर निघून गेले.

मी गोंधळून बायकोला विचारलं, "माझं काय चुकलं?"

ती पोळी लाटता लाटता थांबली. "तुम्हाला खरंच कळलं नाही? अहो, सुनीताच्या बाळंतपणाला दोघं जाणार होते ना कॅनडाला. तिकिटं आली होती. काकू बॅगेत डिंकाचे लाडू भरत होत्या. आणि तीन आठवडे आधी काकू गेल्या."

ते मला ठाऊक होतं. पुढचं तिनं सांगितलं, ते ठाऊक नव्हतं. काकूंच्या दहाव्याला काकांनी स्वतःच सुनीताला फोन लावला होता. म्हणाले, "तुज्या सासू-सासऱ्याला बोलावून घे. मी एकटा बाप्या येऊन बाळंतिणीचं काय करू? लाइन थांबली नाय पायजे." नातू आता वर्षाचा झाला. काकांनी त्याला फक्त मोबाइलवर पाहिलाय. आणि ती बॅग अजून त्यांच्या पलंगाखाली भरलेली आहे.

त्या दिवशी दुकानात मी तीन गिऱ्हाइकांना चुकीचा रंग दिला. मला स्वतःचा फार राग आला होता.

मागच्या महिन्यात, रविवारी सकाळी, काका खाली आले. हातात फोन, बोटांना खडू, चेहरा पांढरा.

"शेट, विहीणबाईचं गुडघ्याचं ऑपरेशन निघालं. ती दोघंबी तिथून परत यायलीत. सुनीताची कामावर जायची तारीख तर ठरलीय."

मी म्हणालो, "मग आता कोण?"

"ती म्हनती, अन्ना, तुमी या." ते पायरीवर खाली बसले. "कसं जावं पन? आमचं नाव जोडीत होतं शेट. जोडी तर मोडली. एकट्याला नियमात बसत नाय ना."

फोन चालूच होता. पलीकडून सुनीताचा आवाज येत होता, "अन्ना? अन्ना, ऐकताय ना?" काका फोनकडं न बघता माझ्याकडं बघत होते. टाइम ऑफिसात असे कितीजण यांच्या टेबलासमोर उभे राहिले असतील, आज ते माझ्यासमोर बसले होते. आणि मला तर एक नियम धड येत नव्हता.

पण शंभर वेळा ऐकलेलं कुठंतरी मुरत असावं. मी म्हणालो, "काका, एकेरीची यादी वेगळी असते ना?"

त्यांनी मान वर केली.

"जोडीतून नाव गेलं, ते गेलं. पण एकेरीत कुणी तुमचं नाव काढलेलं नाही. तिथं तुम्हीच पहिले राखीव. तुमच्यापुढं कोणीच नाही."

 काका बाहीनं डोळे पुसत म्हणाले, "तेबी खरंय. ह्यो नियम माज्या ध्यानातच आला नाय." फोन कानाला लावला आणि मोठ्यानं म्हणाले, "सुनीता, हजर."

जायच्या दिवशी त्यांनी मला वर बोलावलं. काकूंनी रंगाच्या डब्यात लावलेला कढीपत्ता गॅलरीत छातीइतका झालाय. सगळी बिल्डिंग त्याचीच पानं फोडणीला नेते. किल्ली माझ्या हातात ठेवत ते म्हणाले, "दोन तांबे सकाळी. जास्ती नाय. तुमच्या काकूचा हात लई मोजका व्हता."

फळा पुसलेला होता. माघार, राखीव, सगळे रकाने गेले होते. एकच ओळ होती: 'कढीपत्ता, भानुदासच्या जागी, शेट.'

आता सकाळी जिन्यात नुसता दूधवाला येतो. मी काकूंच्या झाडाला दोन तांबे घालतो, आणि तेवढ्यात खिशात फोन वाजतो. मागं नातू रडत असतो, नाहीतर हसत असतो.

"शेट, हजर का गैरहजर?"

"हजर, काका," मी म्हणतो.